देवयानीच्या पोटातला पिवळा रंग

देवयानी दीर्घिकेचा (इंग्रजीत अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची दुसरी प्रचंड वस्ती) पहिला बरा म्हणावा असा फोटो मिळाला तेव्हा मी तीन रात्री त्यातला पिवळा रंग काढण्यात घालवल्या. १३५ एमएमची लेन्स, खाली ट्रॅकर (आभाळाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र), दीड-दीड मिनिटाच्या ८० फ्रेम म्हणजे एकूण दोन तासांचा उजेड, तो सगळा कॉम्प्युटरवर एकावर एक रचून स्टॅक केला आणि स्क्रीनवर हळूहळू ती तिरकी तबकडी वर आली. कडेकडेने निळसर राखाडी, आणि मधोमध मात्र पिवळट, जुन्या वहीच्या कागदासारखी. मला वाटलं व्हाइट बॅलन्स चुकलाय, नाहीतर लांबच्या दिव्यांचा उजेड आभाळात मिसळलाय, तोही असाच पिवळा येतो. म्हणून स्लायडर ओढत ओढत मधला भाग पांढराशुभ्र करून टाकला आणि समाधानाने एका जाणत्या मित्राला पाठवला. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: मधला पिवळा कुठे गेला, तो परत आण, तो खरा आहे.

त्या एका ओळीने मला कामाला लावलं ते आजतागायत. कारण तो पिवळा का आहे हे समजून घ्यायला गेलो आणि लक्षात आलं की मी दीर्घिकेकडे इतकी वर्षं एखाद्या तयार वस्तूसारखं बघत होतो, जशी आहे तशी, कायमची. त्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे असं मला वाटतं. टिकणारं काही सांगायचं तर आपण आचंद्रार्क म्हणतो, चंद्रसूर्य असेतोवर म्हणतो, जो हलत नाही त्याला ध्रुवासारखा अढळ म्हणतो, आणि तारे म्हणजे न बदलणारं काहीतरी हे बोलण्यात इतकं मुरलेलं असतं की तारा जन्मतो आणि मरतो हे शाळेत शिकूनसुद्धा ते आत कुठे उतरत नाही. दीर्घिका म्हणजे तर अब्जावधी तारे, तिला कसलं वय आणि कसला बदल.

तर रंगापासून सुरू करतो. ताऱ्याचा रंग म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचं तापमान, निळा म्हणजे जास्त तापलेला, तांबडा म्हणजे कमी. आता वजनाचं गणित बघा. सूर्याच्या २० पट वजनाचा तारा घेतला तर त्याच्याकडे जाळायला हायड्रोजनही साधारण तितक्याच पटीत जास्त, पण तो उजेड फेकतो सूर्याच्या ५० हजार पटीच्या आसपास. मिळकत वीसपट आणि खर्च हजारो पट, मग ते किती दिवस चालणार? १ कोटी वर्षांच्या आतबाहेर त्याचा खेळ संपतो. सूर्याचं एकूण आयुष्य १० अब्ज वर्षांचं, त्यातली ४.६ अब्ज झाली. आणि सूर्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा लाल बटू तारा, तो इतका जपून जळतो की त्याला कित्येक हजार अब्ज वर्षं पुरतं. विश्वाचं वयच १३.८ अब्ज, म्हणजे असा बारका तारा म्हातारा होऊन मेलाय असं विश्वात अजून एकदाही घडलेलं नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचन थांबवून नुसता बसून राहिलो होतो. एका प्रकारच्या ताऱ्यांच्या हजारो पिढ्या येऊन गेल्या आणि दुसऱ्या प्रकारातला पहिला जन्मलेला अजून तरुण आहे, आणि हे दोघं एकाच दीर्घिकेत, कित्येकदा एकाच ढगातून जन्मलेले.

यातून जे निघतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दीर्घिकेत जिथे नवीन तारे बनतायत तिथे जो झगमगाट दिसतो तो थोड्याशा भारी, निळ्या, अल्पायुषी ताऱ्यांचा असतो, संख्येने ते नगण्य. आपल्या आकाशगंगेतले साधारण तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, सूर्याच्या सगळ्यात जवळचा प्रॉक्सिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे तरी त्याला दुर्बीण लागते. म्हणजे दिसतात एक आणि असतात दुसरेच. समजा एखाद्या दीर्घिकेत नवीन तारे बनायचं आज थांबलं, तर पहिल्या काही कोटी वर्षांतच सगळ्यात निळे तारे जातात आणि तिचा उजेड झपाट्याने उतरतो, मग काही अब्ज वर्षांत पांढरे जातात, मग उतरण मंदावते, आणि मागे राहतात ते सूर्यासारखे पिवळे, त्याहून लहान नारिंगी, आणि मधूनमधून फुगून लाल राक्षसी झालेले म्हातारे. दीर्घिका पिवळी पडत जाते. कोणी काही करावं लागत नाही, फक्त वेळ जावा लागतो.

माझ्या फोटोतला मधला भाग म्हणजे हेच. तिथे ताऱ्यांचा जन्म जवळपास कधीच थांबलाय, आणि कडेच्या भुजांमध्ये अजून थोडा चालू आहे म्हणून त्या निळसर.

आणि गंमत वाटेल पण नेमका हाच मधला भाग एकेकाळी मोठमोठ्या दुर्बिणींनाही दाद देत नव्हता. देवयानीच्या भुजांमधले सुटे तारे १९२०च्या दशकात दिसले होते, मध्यभाग मात्र नुसता धुरकट उजेड, कितीही वेळ फोटोची काचेची प्लेट उघडी ठेवली तरी एक तारा सुटा होईना. १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कॅलिफोर्नियाच्या माउंट विल्सनवर १०० इंची दुर्बिणीपाशी वॉल्टर बाडे नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. बरेचसे सहकारी युद्धाच्या कामावर गेलेले, बाडे जर्मन नागरिक म्हणून त्यांना त्यात घेतलं नव्हतं, आणि खाली लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट असल्यामुळे डोंगरावर पुन्हा काळोख झालेला. काळोख आणि मोकळी दुर्बीण हे दोन्ही होतंच, पण खरी किल्ली तिसरीच होती. नेहमीच्या प्लेट निळ्या उजेडाला संवेदनशील असायच्या, बाडेंनी तांबड्या उजेडाला संवेदनशील प्लेट लावल्या. आणि तो धुरकट मध्यभाग फुटून हजारो ताऱ्यांचा झाला. तिथले सगळ्यात तेजस्वी तारे तांबडे होते, निळ्या प्लेटवर ते येणारच नव्हते.

१९४४ मध्ये त्यांनी हे छापलं आणि ताऱ्यांचे दोन गट मांडले, पॉप्युलेशन वन आणि पॉप्युलेशन टू, भुजांमधली तरुण निळी वस्ती आणि मध्यभागातली, गोलाकार तारकागुच्छांमधली (दाटीने जमलेल्या ताऱ्यांच्या गोळ्यांमधली) तांबूस वस्ती. एकाच दीर्घिकेत वेगवेगळ्या काळातली माणसं वेगवेगळ्या आळीत राहतात तसं. मी ज्या रंगाला चूक समजून पुसत होतो तोच रंग पकडायला त्यांनी मुद्दाम प्लेट बदलली होती, हे वाचून मला माझी मूळ फाइल पुन्हा उघडावीशी वाटली आणि मी ती उघडली.

पण वस्त्या वेगळ्या आहेत हे कळणं वेगळं आणि अख्खी दीर्घिका काळाबरोबर बदलते हे मानणं वेगळं. त्यासाठी बिएट्रिस टिन्सले ही खगोलशास्त्रज्ञ यावी लागली. (तिच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा सैल सुटणार आहे.) इंग्लंडमध्ये जन्मलेली, न्यूझीलंडमध्ये वाढलेली, १९६०च्या दशकात टेक्सास विद्यापीठात तिने पीएचडी केली. त्या वेळी विश्वाचा विस्तार किती मंदावतोय हे मोजायला खगोलशास्त्रज्ञ मोठ्या लंबगोल दीर्घिकांचा आधार घ्यायचे, सगळ्या साधारण सारख्याच तेजाच्या असतात असं धरून, म्हणजे जी मंद दिसते ती लांब. टिन्सलेने म्हटलं की थांबा, लांबची दीर्घिका म्हणजे जुन्या काळातली दीर्घिका, तेव्हा तिच्यातले तारे तरुण होते, भारी तारे अजून मेले नव्हते, मग तेव्हा ती आजच्यापेक्षा तेजस्वी असणार की नाही? आणि तसं असेल तर तुमचं सगळं अंतराचं गणित हललं.

तिची पद्धत ऐकायला साधी आहे. किती तारे कुठल्या वजनाचे जन्मले हे धरायचं, प्रत्येक वजनाचा तारा किती वर्षांनी कुठल्या रंगाचा आणि किती तेजाचा होतो हे ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासातून घ्यायचं, आणि कॉम्प्युटरवर टप्प्याटप्प्याने घड्याळ पुढे नेत सगळ्यांची बेरीज करत जायची. निघते ती त्या दीर्घिकेची त्या त्या वयातली छबी. आज कुठल्याही लांबच्या दीर्घिकेचं वय, तिच्यातल्या ताऱ्यांचं एकूण वस्तुमान वगैरे आकडे आपण वाचतो त्यामागे याच बेरजेची सुधारलेली रूपं असतात. सुरुवातीला तिला मोठा विरोध झाला. हे सगळं करताना घर आणि दोन मुलं सांभाळणं होतं, वर्षानुवर्षं मनासारखी कायमची नोकरी नव्हती, ती शेवटी येल विद्यापीठात मिळाली, १९७८ मध्ये ती तिथे प्रोफेसर झाली आणि १९८१ मध्ये कॅन्सरने गेली. वय ४०. मला कोणी विचारलं की दीर्घिका बदलतात हे आपल्याला कोणी बघायला शिकवलं तर मी आधी तिचं नाव घेतो, दुर्बिणी बनवणाऱ्यांच्याही आधी.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण वर मी ती जरा सोपी करून सांगितली. पिवळेपणा सगळाच्या सगळा वयाचा नसतो. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी प्रत्येक मूलद्रव्याला धातू म्हणायची पद्धत आहे, ऑक्सिजनलासुद्धा, आणि ज्या ताऱ्यांमध्ये धातू जास्त तेही जास्त तांबूस दिसतात. शिवाय वाटेत आडवी येणारी धूळ, तीही उजेड तांबूस करते. त्यामुळे नुसत्या रंगावरून हा तारकासमूह म्हातारा आहे की धातूंनी श्रीमंत आहे हे ओळखता येत नाही, दोन्ही गोष्टी एकमेकींचा मुखवटा लावून येतात, मग वर्णपटातल्या, म्हणजे उजेड रंगारंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, एकेका रेषेपर्यंत जावं लागतं. बाडेंचीही इथे थोडी गल्लत झाली होती, त्यांनी देवयानीचा मध्यभाग आणि गोलाकार गुच्छ एकाच गटात टाकले, पुढे कळलं की गुच्छ बहुतांशी धातूंनी गरीब आहेत आणि मध्यभाग म्हातारा असूनही धातूंनी चांगला श्रीमंत. म्हणजे तिथे सुरुवातीच्या काळात तारे इतक्या घाईने जन्मले आणि मेले की थोड्या अवधीतच पिढ्यांमागून पिढ्या होऊन गेल्या.

हे धातू म्हणजे दुसरं घड्याळच आहे. विश्वाच्या सुरुवातीला हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम एवढंच होतं, बाकीचं जवळपास सगळं ताऱ्यांनी बनवलं आणि मरताना बाहेर टाकलं, त्यातून पुढचे तारे झाले. सूर्याच्या वजनात अशा बाकीच्यांचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास आहे. दुसऱ्या टोकाला २०१४ मध्ये असा एक तारा जाहीर झाला, आपल्याच आकाशगंगेतला, ज्यात लोखंड सूर्याच्या एक कोटीव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्याच्या आधी बहुधा एकच पिढी होऊन गेली असावी. आणि या घड्याळाला दोन काटे आहेत. ऑक्सिजन येतो भारी ताऱ्यांच्या स्फोटातून, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत, लोखंडाचा मोठा भाग येतो श्वेतबटूंच्या (सूर्यासारखे तारे संपल्यावर उरणाऱ्या गाभ्यांच्या) स्फोटातून, त्यांना तयार होऊन फुटायला कोट्यवधी ते अब्जावधी वर्षं लागतात. म्हणून ज्या ताऱ्यात लोखंडाच्या मानाने ऑक्सिजन जास्त तो घाईच्या काळात जन्मलेला. हा उशिराचा हिशोब १९७९ मध्ये मांडला तोही टिन्सलेनेच.

तारे खरोखर मूलद्रव्यं बनवतात याचा पुरावा माझ्या त्याच फोटोच्या कोपऱ्यात आहे हे मला फार उशिरा समजलं. देवयानीपासून साडेचारेक अंशांवर आर अँड्रोमेडी नावाचा तारा आहे, दीर्घिकेचा नाही, आपल्याच आकाशगंगेतला, तेज कमीजास्त होणारा लाल राक्षसी. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांनी अशा जातीच्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य शोधलं, आणि आर अँड्रोमेडीमध्येही ते आहे. टेक्नेशियमचा सगळ्यात टिकाऊ प्रकार घेतला तरी सुमारे ४० लाख वर्षांत तो निम्मा उरतो, आणि हे तारे तर त्याहून कितीतरी वयस्कर, म्हणजे जन्मापासून असलेलं टेक्नेशियम कधीच संपलेलं असणार. तरी दिसतंय. म्हणजे ते ताऱ्याच्या आत आत्ता, सध्या, बनतंय आणि वर येतंय. मी फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून तो ठिपका शोधला, चार-पाच पिक्सेलचा, नारिंगी. त्या ठिपक्याकडे मी खूप वेळ बघत होतो.

मग प्रश्न येतो की घाईचा काळ होता तरी कधी. आजवरच्या सगळ्या दीर्घिकांचा मिळून हिशोब काढला तर ताऱ्यांचा जन्मदर सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी शिगेला होता, त्या काळाला विश्वाची भर दुपार म्हणतात, आणि तिथपासून तो उतरत उतरत आज साधारण दहाव्या हिश्श्यावर आलाय. आज ताऱ्यांमध्ये जेवढं वस्तुमान आहे त्यातलं निम्मं पहिल्या पाचेक अब्ज वर्षांतच बनून झालं होतं. सूर्य म्हणजे तसा दुपार कलल्यावर आलेला. आपली आकाशगंगा आता वर्षाला एक-दोन सूर्यांएवढा माल ताऱ्यांत घालते, देवयानी त्याहूनही कमी.

उतार का लागला याचं एक उत्तर २०२० मध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण वापरून मिळवलं. तारे बनतात गॅसमधून, आणि ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन मोजायचा तर एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की गोंगाटात बुडून जातो. त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले. स्टॅकच केलं, मी फ्रेमचं करतो तसं, फक्त फ्रेमच्या जागी दीर्घिका. त्यातून कळलं की तेव्हा गॅस भरपूर होता पण तारे ज्या वेगाने बनत होते त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता, आणि बाहेरून नवीन गॅस त्या प्रमाणात आला नाही, म्हणून जन्मदर उतरला. बाकीही कारणं आहेत, मध्यभागातली कृष्णविवरं गॅस तापवतात, स्फोट तो बाहेर ढकलतात, दीर्घिकांच्या गर्दीत तो ओरबाडला जातो. पण मूळ गोष्ट साठ्याची.

ज्या दीर्घिकांमध्ये साठा संपला त्यांना इंग्रजीत सर्रास तांबड्या आणि मेलेल्या म्हणतात आणि हा शब्द मला मनापासून आवडत नाही. माझ्या फोटोत देवयानीच्या कडेला एक छोटा गोल पिवळा ठिपका आहे, एम ३२, तिची सोबतीण, बहुतेक जुन्या ताऱ्यांची. तिथे नवीन जन्म नाहीत हे खरं, पण तिच्यातले कोट्यवधी बारके तारे आत्ता जळतायत आणि सूर्य संपल्यानंतरही अब्जावधी वर्षं जळत राहणार आहेत. पाळणा हलायचा थांबला म्हणून घराला मेलेलं कसं म्हणायचं? दीर्घिका आपले झगमगते तारे गमावत जाते आणि टिकणारे साठवत जाते. पिवळा रंग म्हणजे तो साठा.

एक गोष्ट राहिली. व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमध्ये नेहमी येतं की आपण रात्री जे तारे बघतो ते कधीच मेलेले आहेत, फक्त त्यांचा उजेड पोचतोय. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांबाबत हे जवळपास पूर्ण चुकीचं आहे. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर, रोहिणी ६५, लांबातले लांब काही हजार, आणि ताऱ्याच्या आयुष्यात काही हजार वर्षं म्हणजे काहीच नाही. मृगातला काक्षीसुद्धा (बीटलज्यूस), सुपरनोव्हा होणार, म्हणजे स्फोट होऊन संपणार, म्हणून इतका गाजलेला, बहुधा अजून आहे. पण माझ्या फोटोत एक जागा आहे जिथे ते वाक्य खरं ठरतं. देवयानीच्या नैर्ऋत्येकडच्या भुजेत एनजीसी २०६ नावाचा तरुण ताऱ्यांचा मोठा ढग आहे, माझ्या लेन्सला तो चाळीसेक पिक्सेलचा निळसर धब्बा म्हणून येतो. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर. आणि सगळ्यात भारी ताऱ्यांचं पूर्ण आयुष्यच ३०-४० लाख वर्षांचं. म्हणजे त्या धब्ब्यातले जे सगळ्यात भारी तारे आहेत त्यातले बहुतेक, उजेड इथे येईपर्यंत, गेलेले असणार, आणि त्यांचा ऑक्सिजन त्या भुजेतल्या गॅसमध्ये मिसळलेला असणार, आणि कदाचित त्यातून काही नवीन घडायला लागलेलं असेल. मधल्या पिवळ्या भागात मात्र त्या २५ लाख वर्षांत फारसं काही झालं नसेल, तो जसा दिसतो तसाच आत्ताही आहे.

नवीन फाइलमध्ये मी मधल्या रंगाला हात लावलेला नाही. पुढच्या मोसमात लांब लेन्स घेऊन कॅमेरा फक्त एनजीसी २०६ वर लावायचाय, जमलं तर सलग चार रात्री.